सोऱ्याची चकती

स्वतःच्या घरापुरती एखादी वस्तू करणे निराळे आणि तीच वस्तू चारचौघांच्या हवाली करणे निराळे. शेजारच्या वहिनींना वाटीभर लसणीची चटणी दिली, तर त्या फार तर “मीठ जरा पुढे आहे हो” म्हणतात. आपण हसतो, त्याही हसतात, आणि वाटी परत येताना तिच्यात साखर असते. तीच चटणी बरणीत भरून, वर आपले नाव-गाव लिहून दुकानाच्या फळीवर ठेवली की मिठाचा प्रश्न एकाएकी गंभीर होतो. ती कोण नेणार, कोणाच्या ताटात पडणार, त्या माणसाला डॉक्टरांनी मीठ वर्ज्य सांगितले आहे की काय, हे कळण्याची सोयच राहत नाही.

मी चटण्या विकत नाही. पुण्यातल्या एका लहानशा कचेरीत फोनवरची ॲप तयार करण्याचे काम करते. पण अशी एक बरणी मी फळीवर ठेवून बसले आहे खरी. तिला आमच्या धंद्यात ‘प्लगइन’ म्हणतात. आता हा काय प्रकार आहे हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही; आणि दिवाळीचे दिवस असल्यामुळे ते सांगणे मला बरेच सोपे झाले आहे.

चकलीचेच पाहा. तांदूळ-डाळी धुवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या, दळून आणायच्या. मग मोहन घालून पीठ मळायचे, सोऱ्यात भरायचे, तळायचे. काल दळून आणलेली भाजणी डब्यात असली, तर कोणतीही शहाणी बाई आज पुन्हा तांदूळ धुवायला बसत नाही. पण भाजणीत धणे घालायचेच राहिले असे कळले, तर मळून ठेवलेल्या गोळ्याला अर्थ उरत नाही. मागे जावेच लागते. प्रोग्रामचेही असेच असते. माणसाला वाचता येईल अशा भाषेत आपण तो लिहितो, आणि तो फोनवर चालण्याजोगा होईपर्यंत त्यावर पुष्कळ संस्कार व्हावे लागतात: यंत्राच्या भाषेत उतरवणे, चाचण्या, चित्रे आणि मजकूर आत बसवणे, आणि शेवटी साऱ्याची एक पुडी बांधणे. कशाच्या आधी काय, कशाच्या नंतर काय, आणि कशाला आज पुन्हा हात लावायची गरज नाही, एवढे सगळे ध्यानात ठेवणारे जे साधन त्याला ‘बिल्ड टूल’ म्हणतात. मी ज्यावर काम करते त्याचे नाव ग्रेडल. अँड्रॉइड फोनांवरची बहुतेक ॲप त्याच्याच हातून तयार होतात.

ग्रेडल म्हणजे सोऱ्या. सोऱ्या घरात एकच असतो; चांदणीच्या भोकाची चकती घातली की चकली पडते, बारीक भोकांची घातली की शेव. ही चकती म्हणजे प्लगइन. सोऱ्या घडवणाऱ्याने सगळ्या जगाच्या आवडीच्या चकत्या स्वतःच का घडवाव्यात? ज्याला हवी त्याने घडवावी आणि इतरांनाही वापरू द्यावी. त्यासाठी ग्रेडलवाल्यांनी ‘प्लगइन पोर्टल’ या नावाचे एक सार्वजनिक भांडार ठेवले आहे. तिथून कोणीही चकती उचलावी. पैसा पडत नाही.

मला चकती घडवावी लागली ती एका आचाऱ्यामुळे.

आमच्या कचेरीने मंगल कार्यालयांचे हिशेब ठेवणारे एक ॲप केले होते. एके दिवशी एका कार्यालयाच्या मालकांचा फोन आला. “ताई, तुमचं यंत्र म्हणतंय, आचार्यांना पाच हजार आगाऊ दिले. आम्ही दिले आचाऱ्यांना. इथं गुरुजी विचारतायत, माझे पाच हजार कुठं आहेत?”

मराठी माणसाला यातला घोटाळा समजावून सांगायला नको. आचार्य वेगळे आणि आचारी वेगळा. दर्या खवळतो आणि दऱ्या सह्याद्रीत असतात. ‘र’ डोक्यावर चढला की एक अर्थ, आणि य-ह यांच्या अंगाला आडवा टेकला की दुसरा. वाऱ्या, पुऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा: हा आडवा ‘र’ आपल्या भाषेतून काढला तर लग्नाला वऱ्हाडसुद्धा धड निघायचे नाही.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, पस्तीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली, पण अजून सकाळचे वर्तमानपत्र ते तांबडी पेन्सिल हातात घेऊन वाचतात. त्यांना मी हकिगत सांगितली तेव्हा ते आधी पोटभर हसले आणि मग एकदम गंभीर झाले.

“आमच्या वेळी खिळा चुकला तर तो प्रुफात दिसायचा गं. तुमच्या यंत्रात दिसत नाही का?”

दिसत नाही, हीच तर गोम होती. संगणक अक्षरे लक्षात ठेवतो ती आकड्यांनी. युनिकोडच्या तक्त्यात आपल्या साध्या ‘र’चा क्रमांक ०९३०, आणि खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’चा ०९३१. आडवा ‘र’ लिहायच्या वाटा दोन. पहिली वाट अशी, की साधा ‘र’, मग पाय मोडल्याची खूण, मग एक अदृश्य सांधा आणि मग ‘य’. या सांध्याला रुंदी शून्य. तो असतो, पण दिसत नाही. दुसरी वाट, नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा. तिथे सांध्याची गरज नाही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना वाटेत एखादा नीटनेटका प्रोग्राम भेटतो, त्याला हा रिकामा सांधा म्हणजे केर वाटतो, आणि तो झाडून टाकतो. सांधा गेला की ‘र’ उडी मारून डोक्यावर बसतो आणि स्वयंपाकघरातला आचारी व्यासपीठावरचा आचार्य होतो. शिवाय एका वाटेने लिहिलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या वाटेने शोधला तर बरेचदा सापडतच नाही, ते दुःख वेगळेच.

आमचा मजकूर तिघांनी तीन ठिकाणी बसून लिहिलेला. डोळ्यांनी तपासून हे सुटणारे नव्हते. म्हणून मी ठरवले, बिल्ड चालू असतानाच मराठी मजकुराची फाइल आपोआप तपासली जावी. दोन रविवार त्यात गेले. खरे सांगायचे तर तपासणीचा भाग पहिल्याच दुपारी लिहून झाला होता. उरलेला वेळ ग्रेडलला शिस्तीने माहिती देण्यात गेला. या कामाला आत काय लागते आणि बाहेर काय पडते, हे चकतीने सोऱ्याला आधीच नीट सांगावे लागते. ते सांगितले असेल तर मजकूर बदलला नसताना ग्रेडल तपासणी पुन्हा करत नाही. डब्यात भाजणी आहे हे त्याला ठाऊक असते. सांगितले नाही तर तो दर वेळी तांदूळ धुवायला बसतो, आणि चकती वापरणारी माणसे तुमच्या नावाने बोटे मोडतात. मग एक खोटा-खोटा प्रकल्प रचून त्यात ‘दुसर्या’, ‘पुर्या’ अशी मुद्दाम बिघडवलेली अक्षरे पेरली आणि चकती ती पकडते की नाही ते पाहिले. आधी फक्त माझ्याच संगणकावर प्रसिद्ध करून आमच्या कार्यालयांच्या ॲपवर ती चालवली. पहिल्याच फेरीत सतरा ठिकाणे निघाली.

एक अडचण मात्र यंत्राच्या आवाक्याबाहेरची होती. डोक्यावरचा प्रत्येक रफार काही चुकीचा नसतो. कार्यालय, पर्याय, मर्यादा, सौंदर्य हे सारे आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘दुसर्या’ मराठीत कधीच बरोबर नसते, पण ‘आचार्यांना’ कधी बरोबर असते आणि कधी पाच हजारांचा प्रश्न असतो. तेव्हा असे ठरवले, की जिथे शंकाच नाही तिथे बिल्ड थांबवायचे. जिथे दोन्ही अर्थ संभवतात तिथे फक्त खूण करून माणसाला विचारायचे. त्यासाठी शब्दांची यादी हवी होती. ती अण्णांनी करून दिली. शंभर पानी वहीत, डावीकडे निःसंशय चूक आणि उजवीकडे संशयित, अशा दोन रकान्यांत, पेन्सिलीने. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना मध्येच घास थांबवून ते म्हणत, “ ‘कर्या’ घाल. पण थांब, ‘कार्या’ नको घालूस, ‘शुभकार्याला’ म्हणतात.”

इथवर सारे घरचेच होते. कचेरीतला एक उत्साही मुलगा म्हणाला, “मॅडम, बाहेर टाका की. मराठी ॲप काय आपणच करतो का?” साहेबांची रीतसर परवानगी काढली आणि मी भांडाराच्या दारात जाऊन उभी राहिले.

दारात पहिला प्रश्न नावाचा. चकतीला असे नाव लागते की जे साऱ्या भांडारात दुसऱ्या कुणाचे नाही. आणि ते पत्ता उलटा लिहिल्यासारखे लिहायचे, आधी मुलूख, मग गाव, मग घर, शेवटी माणूस. एकदा ठेवले की ठेवले. त्या नावाने ती दुसऱ्यांच्या फायलींत लिहिली जाणार असल्यामुळे मागाहून ‘हे काही शोभत नाही’ म्हणून बदलणे म्हणजे सगळ्यांची घरे हुडकत फिरणे. बारशाला जितका खल झाला नव्हता तितका इथे झाला. शेवटी अण्णांच्या सूचनेवरून साधे ‘रफार’ ठरले. मग खाते उघडायचे. भांडार तुम्हाला एक किल्ली आणि तिच्या जोडीला एक गुपित देते. ही जोडी आपल्या संगणकावर घरच्या कप्प्यात ठेवायची, प्रोग्रामबरोबर चुकूनही बाहेर जाऊ द्यायची नाही. कारण ती ज्याच्या हाती, तो तुमच्या नावाने काहीही प्रसिद्ध करू शकतो. पहिल्या खेपेला भांडारवाल्यांची माणसे स्वतः पाहणी करतात आणि मगच फळीवर जागा देतात. ती जागा मिळाली त्या दिवशी घरात शिरा झाला.

फळीवर गेलेल्या वस्तूला क्रमांक असतो, तीन आकड्यांचा. माझा पहिला १.०.०. दुरुस्ती केली तर शेवटचा आकडा वाढवायचा. नवी सोय घातली तर मधला. आणि जुन्या गिऱ्हाइकांची मोडतोड होईल असे काही केले तर पहिला. पण १.०.० म्हणून जे एकदा गेले त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. अण्णांना हे फार आवडले. “म्हणजे शुद्धिपत्र जोडता येतं, छापलेलं परत बोलावता येत नाही. मग तुमचा धंदा अगदीच काही वाईट नाही,” असे प्रमाणपत्र त्यांनी दिले.

परत बोलावण्यावर निर्बंध का असावेत, याला एक इतिहास आहे. मार्च २०१६ मध्ये एनपीएम नावाच्या दुसऱ्या एका मोठ्या भांडारात एका नावावरून भांडण झाले आणि रागावलेल्या एका लेखकाने आपल्या अडीचशेंवर वस्तू एका दिवसात फळीवरून काढून घेतल्या. त्यांत एक होती अवघ्या अकरा ओळींची. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणारी. पण तिच्यावर दुसऱ्या वस्तू उभ्या होत्या, त्यांच्यावर तिसऱ्या, आणि जगभरची बिल्डे धडाधड पडली. भांडारवाल्यांनी दोनेक तासांत ती स्वतःच परत फळीवर ठेवली आणि पुढे काढून घेण्याचे नियम कडक केले. वस्तू त्याची होती; ती घेऊन जायला तो मोकळा होता की नव्हता, यावर आमच्यातले लोक अजून वाद घालतात. मी दोन्ही बाजूंनी वाद घालून पाहिला आहे.

माझ्याकडे पहिले पत्र आले ते, वाचून विश्वास बसेना, काठमांडूहून. तिथल्या एका गृहस्थांनी माझी चकती नेपाळी मजकुराला लावली होती. आडवा ‘र’ नेपाळीतही आहे. ‘केले’ या अर्थाचा त्यांचा ‘गर्‍यो’ हा शब्द पावलोपावली येतो. त्यांच्याकडचा सारा मजकूर अदृश्य सांध्याच्या वाटेने लिहिलेला, आणि माझी चकती मराठीसाठी म्हणून घडवलेली, सांधा दिसला की ‘नुक्त्याचा ऱ घाला’ असा आग्रह धरणारी. गृहस्थांचे म्हणणे नम्र होते आणि चूकही नव्हते: सांधा शाबूत असेल तर तो चालवून घ्यावा, आणि हीच मुळातली रीत करावी.

अशा वेळी मला स्टुअर्ट फेल्डमन आठवतात. बिल्ड टूलांचा हा मूळपुरुष. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी ‘मेक’ नावाचे साधन लिहिले. एक सहकारी आपल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात सकाळभर डोके फोडत बसले होते. चूक केव्हाच दुरुस्त झालेली होती, फक्त तो भाग पुन्हा यंत्रभाषेत उतरवायचा राहिला होता. म्हणजे भाजणी नवी आणि चकल्या जुन्याच पिठाच्या! त्यावरून हे साधन सुचले. त्यात आज्ञेची ओळ ‘टॅब’ने सुरू करायची असा एक नियम त्यांच्या हातून घातला गेला. टॅब आणि साध्या मोकळ्या जागा डोळ्यांना सारख्याच दिसतात. एकाच्या जागी दुसरे पडले की साधन अडून बसते. नियम गैरसोयीचा आहे हे त्यांच्या ध्यानात आले होते. पण तोवर काही आठवडे लोटले होते आणि डझनभर माणसे, बहुतेक मित्रच, ते वापरू लागली होती. डझनभर मित्रांची मोडतोड नको म्हणून त्यांनी तो नियम तसाच राहू दिला. त्या साधनाला २००३ मध्ये मोठा पुरस्कार मिळाला, अर्धे शतक होत आले, लाखो माणसांनी त्या न दिसणाऱ्या टॅबपायी दुपारी वाया घालवल्या. नियम अजून आहे. पुष्कळ लोक यावरून फेल्डमनांना हसतात. मला हसू येत नाही. बारा ओळखीच्या माणसांची सकाळ बिघडवायची की ज्यांचा अजून पत्ता नाही अशा लाखोंची, या प्रश्नाला त्या घटकेला कोणीही बाराच म्हणेल.

मला तर माझे बारा कोण हेही ठाऊक नव्हते. पत्र लिहितो तो एक दिसतो. न लिहिणारे किती, कुठे, कळत नाही. म्हणून मुळातली रीत मी बदलली नाही. सांधा चालवून घेणारी एक वेगळी कळ ठेवली, ती ज्याला हवी त्याने फिरवावी. १.१.० गेली. काठमांडूहून आभाराचे पत्र आले. त्यात दसऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या दशैंच्या, शुभेच्छा होत्या.

दुसरा पत्रव्यवहार इतका सोपा निघाला नाही.

कोणी एक गृहस्थ, की मुलगा, की मुलगी, टोपणनावावरून काही कळायला मार्ग नाही, महिन्या-दोन महिन्यांनी एखादी दुरुस्ती पाठवू लागले. दुरुस्त्या चांगल्या असत. कुठे तपासणी जलद केलेली, कुठे ग्रेडलच्या नव्या आवृत्तीशी जुळते केलेले. मी वाचायची, घ्यायची, आभार मानायची. मग एकदा लेकीची परीक्षा आणि कचेरीतली घाई यांत सहा आठवडे मला प्रकाशन करता आले नाही. त्यांचे पत्र आले: आपल्याला वेळ होत नाही हे मी समजू शकतो; प्रकाशनाची किल्ली मला दिलीत तर आपला भार हलका होईल.

किती साधी, किती सुसंस्कृत सूचना! आणि ती वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारण मार्च २०२४ची गोष्ट आमच्यातल्या कोणीच विसरलेले नाही. ‘एक्सझेड’ नावाचे, फायली दाबून लहान करणारे एक साधन आहे. जगातल्या असंख्य संगणकांत ते असते. ते एकच थकलेला माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणी तरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत केली. दुसऱ्या काही नावांनी ‘कामे फार रेंगाळतात, कोणाला तरी हाताशी घ्या’ अशी टुमणी लागली. हळूहळू अधिकार त्या मदतनिसाकडे गेले, आणि त्याने दुसऱ्यांच्या संगणकांत शिरायचे एक चोरदार त्यात बसवले. बसवले कुठे, तर बिल्डच्या वाटेवर! चाचणीसाठी ठेवलेल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फायलींत ते लपवले होते आणि बिल्ड चालताना ते तिथून बाहेर काढून जोडले जाई. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपला संगणक दूरच्या प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त का घेतो असा प्रश्न पडला म्हणून ते सापडले. अर्धा सेकंद! आपल्याकडे माणूस जांभई देऊन मोकळा झाला असता.

माझी चकती मोठी नाही. पण चकती लहान की मोठी याने फरक पडत नाही. बिल्ड चालू असताना ती ज्याच्या संगणकावर चालते त्याच्या सगळ्या कप्प्यांना तिचा हात पोचू शकतो. काठमांडूच्या त्या भल्या माणसाने माझे नाव पाहून आपले घर उघडे ठेवले होते; मला न विचारता, न ओळखता.

आणि दुसरी बाजू? दुसरी बाजू अशी, की हे गृहस्थ शंभरांतल्या नव्याण्णव वेळा जसे दिसतात तसेच सज्जन असणार. कदाचित एखाद्या लहान गावात बसून, मोठ्या उमेदीने, पहिल्यांदाच कोणाला तरी उपयोगी पडणारे पोर असेल. त्याला मी काय म्हणून कळवू? ‘तू फार चांगला आहेस म्हणून मला तुझा संशय येतो’?

अण्णांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “प्रुफावर ‘छापावे’ असं लिहून सही करायचा अधिकार एकाचाच असे. आणि तो एक तापानं अंथरुणाला खिळला की अंक लटकायचा, हेही मी पाहिलंय. छापखान्यात निदान तो माणूस समोर बसलेला असायचा. त्याची बायको, त्याची मुलं आम्हाला ठाऊक असायची.”

चार दिवस मी उत्तर लिहीत आणि पुसत होते. शेवटी सरळ लिहिले. किल्ली देत नाही. यात तुमच्याविषयी काही नाही, २०२४ नंतर मी ती कोणालाच दिली नसती. तुमच्या दुरुस्त्या ओळ न् ओळ वाचूनच घेईन, आणि त्याला माझे दोन रविवार लागले तर लागू देत. तुम्हाला थांबवत नसेल तर माझा सारा प्रोग्राम खुल्या परवान्याखाली आहे. तो जसाच्या तसा घेऊन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या किल्लीने भांडारात ठेवायला तुम्ही मोकळे आहात, आणि ठेवलात तर मी माझ्या पानावर तसे लिहीन.

तीन आठवडे काहीच आले नाही. तो काळ मला जड गेला हे सांगायला हरकत नाही. दुखावले असतील तर एक चांगला माणूस गमावला, आणि दुखावले नसतील तर मग ते कोण होते, असा दुहेरी काटा. लेक म्हणाली, “आई, तू जेवताना पण फोन बघतेस, आणि मला रागावतेस.”

मग एका सोमवारी सकाळी दोन ओळी आल्या. दोन-दोन चकत्या कशाला, एक पुरे, असे पहिल्या ओळीत. दुसऱ्या ओळीत, यादीत ‘तर्हेवाईक’ नाही, तो घालावा. आणि खाली दुरुस्ती जोडलेली. एका शब्दाची.

मी ती वाचली, दोनदा वाचली, घेतली. संध्याकाळी अण्णांनी वही काढून डावीकडच्या रकान्यात तो शब्द पेन्सिलीने लिहिला आणि समोर कंसात ‘डाकेने आला’ अशी नोंद केली. रविवारी १.१.३ गेली.